पीएस५चे आठ महिने: एक्सक्लुझिव्ह गेमसाठी घेतलेला कन्सोल

घरात मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस आहे, वर्गणीवर गेम देणारा त्याचा गेम पास चालू आहे, मग आणखी एक डबा कशाला, असं बायकोने विचारलं तेव्हा माझ्याकडे एकच उत्तर होतं: गोस्ट ऑफ त्सुशिमा, सोनीचा एक्सक्लुझिव्ह, म्हणजे दुसऱ्या कुठल्या कन्सोलवर न मिळणारा, सामुराईचा गेम. हा गेम आता पीसीवरही मिळतो, पण घरात गेमिंगचा पीसी नाही आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर तो चालणार नाही. म्हणून पीएस५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५, घेतला, डिस्कवाला. आठ महिने जवळजवळ रोज रात्री तासभर खेळतोय, आता लिहायला हरकत नाही.

यंत्राबद्दल फार लिहीत नाही. आवाज जाणवत नाही, गेम चटकन उघडतो. पण हे एक्सबॉक्स सिरीज एक्सबद्दलही म्हणता येईल. दोन्हींच्या पोटात एएमडीचीच, एकाच पिढीची चिप आहे. दोन्हीकडे मिळणारा एल्डन रिंग हा गेम दोन्हींवर लावा आणि सोफ्यावर बसून फरक सांगून दाखवा. यंत्रं इतकी सारखी झाल्यावर दुकानात उभा असलेला माणूस निवड करतो ती कुठला गेम कुठे मिळतो आणि आपले मित्र कुठे खेळतात, यावरच.

आता त्सुशिमा. या गेममध्ये स्क्रीनच्या कोपऱ्यात तो नेहमीचा छोटा नकाशा नाही. कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट वर सरकवलं की वारा सुटतो. गवत एका बाजूला झुकतं, पानं उडू लागतात, आणि वारा नेईल तिकडे घोडा घालायचा. पहिला आठवडा मी मोहीम बाजूला ठेवून नुसता वाऱ्यामागे फिरलो. रिटर्नल या सोनीच्याच दुसऱ्या गेममध्ये याच्याही पुढची गंमत आहे. डावा ट्रिगर अर्धा दाबला की नेम धरला जातो. तिथे बोटाला अडसर जाणवतो. तो अडसर ओलांडून पूर्ण दाबला की त्याच बंदुकीचा दुसरा मारा तयार. पाऊस पडतो तेव्हा थेंब तळहाताला कळतात. समोरच्या प्रत्येकाच्या हातात हाच कंट्रोलर आहे याची खात्री असल्याशिवाय कुठलाही स्टुडिओ सगळा खेळ अशा एका अडसरावर बेतणार नाही. एक्सक्लुझिव्ह गेमची बाजू मला इथे मनापासून पटते. रिटर्नल करणारा हाउसमार्क हा फिनलंडचा छोटा स्टुडिओ. इतका कठीण, इतका वेगळा गेम एवढ्या थाटात करायला सोनीचं पाठबळ होतं म्हणून तो झाला. निन्टेन्डोने पैसे घातले नसते तर बेयोनेटा २ कदाचित झालाच नसता, तोही त्यातलाच प्रकार.

नव्वदीत आपल्याकडे कॅसेटवाला व्हिडीओ गेम होता. एकाच कॅसेटमध्ये मारिओही आणि काँट्राही, त्यामुळे कुठला गेम कुणाच्या मालकीचा हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. तिकडे मात्र लढाई त्यावरच चालली होती. फायनल फँटसी ७ हा जपानी गेम निन्टेन्डो सोडून प्लेस्टेशनवर गेला, कारण निन्टेन्डो ६४ हा कन्सोल कार्ट्रिजवर, म्हणजे कॅसेटवर, अडून राहिला आणि एवढा मोठा गेम सीडीवरच मावणार होता. १९९७मध्ये तो आला आणि जपानी रोल-प्लेइंग गेमचं घरच बदललं. हेलो हा गेम तर १९९९मध्ये ॲपलच्या मंचावर स्टीव्ह जॉब्स यांनी मॅकचा गेम म्हणून दाखवला होता. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने तो करणारा बंजी हा स्टुडिओच विकत घेतला आणि नोव्हेंबर २००१मध्ये पहिल्या एक्सबॉक्सबरोबर तो आला. त्या नव्या, अवजड कन्सोलला ओळख मिळाली ती त्याच गेममुळे.

पण नुसत्या एक्सक्लुझिव्हवर कन्सोल तरतो, असंही नाही. मारिओ कार्ट ८ आधी निन्टेन्डोच्या वी यू या कन्सोलवर आला होता. तो कन्सोल जेमतेम १.३५ कोटी विकला गेला. तोच गेम थोडी भर घालून निन्टेन्डोच्याच पुढच्या कन्सोलवर, स्विचवर, आला आणि स्विचचा सर्वाधिक खपाचा गेम ठरला. स्विचचा एकूण खप १५ कोटींच्या वर आहे. गेम तोच, फरक इतकाच की हे यंत्र लोकांना समजलं आणि उचलून कुठेही नेता आलं.

मला खुपतो तो दुसरा प्रकार, म्हणजे आधी सगळीकडे मिळणारा गेम विकत घेऊन एकीकडे कोंडणं. बेथेस्डा या कंपनीचे स्कायरिम आणि फॉलआउट ४ हे गेम प्लेस्टेशनवर होते. मायक्रोसॉफ्टने ७.५ अब्ज डॉलरचा सौदा करून बेथेस्डाची मालक कंपनी घेतली आणि सप्टेंबर २०२३मध्ये बेथेस्डाचा नवा गेम स्टारफील्ड फक्त एक्सबॉक्स आणि पीसीवर आला. मला तो पहिल्याच दिवशी गेम पासवर मिळाला. कॉलेजपासून ज्याच्याबरोबर स्कायरिमवर बोलत आलो, त्या नाशिकच्या मित्राकडे मात्र पीएस५ होता. त्या महिन्यात आमच्याकडे बोलायला गेमच नव्हता. कॉल ऑफ ड्युटी हा गेम काढणारी ॲक्टिव्हिजन घेण्याचा मायक्रोसॉफ्टचा ६८.७ अब्ज डॉलरचा सौदा नियामकांपुढे अडकला तेव्हा तो गेम इतरांनाही दहा वर्षं देण्याची हमी मायक्रोसॉफ्टला द्यावी लागली. ती घेतली हे बरंच झालं.

आता भिंती खचतायत, आणि त्या पैशाने खचतायत. सोनीच्या लास्ट ऑफ अस पार्ट २ला सुमारे २२ कोटी डॉलर लागले, हे न्यायालयातल्या कागदपत्रांतून बाहेर आलं. एवढा खर्च एकाच कन्सोलच्या गिऱ्हाइकांकडून वसूल करणं अवघडच. म्हणून सोनीचे अनेक गेम पीसीवर गेले, सोनीचाच हेलडायव्हर्स २ ऑगस्ट २०२५मध्ये एक्सबॉक्सवर गेला, आणि हेलो, ज्याच्यावर एक्सबॉक्स उभा राहिला, तोच प्लेस्टेशनवर आणण्याची घोषणा ऑक्टोबर २०२५मध्ये झाली. माझं मत विचाराल तर स्वतः पैसा आणि हिंमत घालून केलेला गेम वर्ष-दोन वर्षं आपल्याकडे ठेवावा, मग सगळ्यांना द्यावा.

खरी बेडी वेगळीच आहे, हे मला आठ महिन्यांत कळलं. सिरीज एसवर डिजिटल घेतलेले गेम इकडे येत नाहीत. या धंद्याची सगळीकडे हीच रीत आहे. एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी २०२३मध्ये हेच मान्य केलं होतं की लोकांनी आपली डिजिटल लायब्ररी उभी केली, नेमक्या त्याच कन्सोल-पिढीत एक्सबॉक्स हरला. एक गेम माणसाला कन्सोलपर्यंत आणतो, पण नंतर साठलेले पन्नास गेम त्याला हलू देत नाहीत. म्हणून घेणाऱ्याला माझं सांगणं: डिस्कवालाच घ्या. सोनीचा नवा मोठा गेम ४,९९९ रुपयांना येतो. मी तो खेळून मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात बदलतो आणि त्सुशिमाची डिस्क तेवढी जवळ ठेवली आहे.

सिरीज एस पुतण्याला दिला. फोर्झा होरायझन ५ हा एक्सबॉक्सचा गाड्यांचा गेम एप्रिल २०२५मध्ये पीएस५वरही आला, तेव्हा तो पुन्हा विकत घेतला. रविवारी पुतण्या त्याच्या घरून आणि मी माझ्या, मेक्सिकोच्या एकाच रस्त्यावर गाड्या पळवतो. "काका, डावीकडे नदीतून चला," असं तो कानात ओरडतो.