हयात रीजन्सी, अटलांटा: एवढी हवा कोणी मंजूर केली?

मुक्काम नव्हता, एका दुपारचा अभिप्राय आहे. लेकीकडे दोन महिने होतो. "बाबा, तुमच्या लाइनचं काहीतरी दाखवते," म्हणून तिने मार्टा रेल्वेने पीचट्री सेंटरला नेलं. स्टेशन खडकात खोदलेलं, भिंतींना प्लास्टर नाही, नुसता कातळ. तिथेच माझी पंधरा मिनिटं गेली.

हॉटेलात शिरलो आणि मान वर गेली ती खाली येईना. मधोमध २२ मजले रिकामे! खोल्या चारी बाजूंना, गॅलऱ्यांवर. मी पस्तीस वर्षं पुण्यात बिल्डरांच्या साइटवर काढली. जिन्याखालचा कोपरासुद्धा 'सेलेबल'मध्ये, म्हणजे विकायच्या क्षेत्रफळात, कसा बसवायचा, यावर तासन्‌तास खल ऐकलाय. इथे मात्र आर्किटेक्टला अडवायला बिल्डर नव्हता, कारण जॉन पोर्टमन (१९२४–२०१७) दोन्ही स्वतःच. तेव्हा आर्किटेक्टने असं बांधकामाच्या धंद्यात उतरणं त्याच्या व्यवसायबंधूंना पटत नसे.

हौस महागात पडली म्हणा. १९६७ ला हॉटेल उघडायच्या आधीच ही अर्धवट इमारत हयातवाल्या प्रिट्झकर कुटुंबाने घेतली, आणि ही रिकामी जागाच हयातची ओळख झाली. याच कुटुंबाने १९७९ ला वास्तुकलेचा प्रिट्झकर पुरस्कार सुरू केला. आपल्या पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींना तो २०१८ ला मिळाला. पोर्टमनला कधीच नाही.

लिफ्ट म्हणजे काचेची कुपी, उघड्या जागेतून सरळ वर जाणारी. बायको दाराकडे तोंड करून डोळे मिटून उभी. मी काचेला नाक लावून स्लॅबच्या कडा बघत होतो. प्रत्येक मजल्याचा कठडा सुतात. ज्याने शटरिंग, म्हणजे काँक्रीटचा साचा, लावून घेतलंय, त्यालाच कळेल ते काय काम आहे.

एक खटकलं. आजूबाजूच्या बऱ्याच इमारती पोर्टमनच्याच, आणि त्या जोडल्यात हवेतल्या पुलांनी. माणसं वरच्या वर जातात, खाली फुटपाथ ओस. चहाची टपरी टाकली तर गिऱ्हाईक कुठून येणार?

पाचपैकी साडेचार. आम्ही तासभर लॉबीत बसलो, कोणी हटकलं नाही. फोटो जुन्या शेठना पाठवला. लगेच उत्तर आलं: "केवढी जागा वाया घालवली रे!"