केबल, रिचार्जची छत्री की फुकटची छत्री?

कर्नाटकाच्या सीमाभागातल्या खानापूरहून मावशीचा फोन होता. “टीव्ही बदलायलोय आम्ही. केबल ठेवू की छत्री लावू?” तिच्या कौलांवरचा जुना अँटेना आता कावळ्यांना बसायलाच उरलाय. दूरदर्शनने २०२२ पर्यंत देशभरातले बहुतेक ॲनालॉग ट्रान्समीटर बंद केले, म्हणजे काठी फिरवून चित्र आणायचे दिवस संपले. वाटा राहिल्या तीन.

केबलचं डिजिटलीकरण २०१२ ला महानगरांत सुरू झालं, खेड्यांची मुदत मार्च २०१७ ची. आमच्याकडे बॉक्स आला, चित्र काचेसारखं झालं, पण सोबतच्या पॅकात कन्नड चॅनेल ढीगभर आणि मराठी दोन. विचारलं तर केबलवाला म्हणाला, “मागणी नाही.” गल्लीतली निम्मी घरं मराठी! ट्राय या सरकारी दूरसंचार नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार प्रत्येक चॅनेलचा दर वेगळा असतो आणि हवा तो सुटा घेता येतो. पण ते मागावं लागतं, आपणहून कुणी सांगत नाही. तरी वायर तुटली की संध्याकाळपर्यंत पोरगा मोटरसायकलवरून येतो, हे मी केबलच्या बाजूनं मोजतो.

रिचार्जच्या छत्रीला, म्हणजे डीटीएचला, गाव कुठलं याचं सोयरसुतक नाही. पुण्यात दिसतात तीच झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी इथंही निवडून घ्यायची. सोबत एखादं कन्नड बातम्यांचं चॅनेल ठेवाच. इथल्या पावसापाण्याचं, बंद-मोर्चाचं मुंबईच्या बातम्यांत क्वचितच येतं. खर्च मात्र महिन्याला चालूच, आणि कंपनी बदलली की बॉक्सही बदला.

फुकटची छत्री म्हणजे दूरदर्शनची डीडी फ्री डिश, ती डिसेंबर २००४ पासून आहे. छत्री, बॉक्स आणि जोडणीचे एकदाच दीड-दोन हजार, पुढे महिन्याला शून्य. दूरदर्शनची मराठी सह्याद्री आणि कन्नड चंदना दोन्ही दिसतात. पण मावशीच्या रात्रीच्या मालिका ज्या पे चॅनेलवर लागतात, ती त्यात नाहीत. खासगी चॅनेलना जागा लिलावानं मिळते, म्हणून आज दिसणारं चॅनेल पुढच्या वर्षी गायब होऊ शकतं. बॉक्स घेताना एमपेग-४ (चित्र आवळून पाठवायची नवी पद्धत) चाच मागा. जुन्या एमपेग-२ वर निम्मी मजा जाते. नव्या टीव्हीत सॅटेलाइट ट्यूनर आतच असेल तर फ्री डिशला वेगळा बॉक्स लागत नाही.

आता पाऊस. दोन्ही घरगुती छत्र्या केयू बँड नावाच्या लहरींवर चालतात आणि मुसळधार सरीत हा सिग्नल दबतो. पूर्वी पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी बातम्या ऐकू यायच्या. डिजिटलमध्ये आधी चौकोन पडतात आणि मग थेट ‘नो सिग्नल’. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला जुलैत हे रोजचंच धरा. निपाणी-चिकोडीकडे पाऊस कमी, तिथं एवढी चिंता नको. केबलवाल्याची मोठी छत्री सहसा टिकाव धरते.

मावशीला मी रिचार्जची छत्रीच सांगितली, फक्त सुटी चॅनेल निवडून. काकांच्या शेतघरावर फ्री डिश पुरे. तिथं बातम्या आणि जुने सिनेमे एवढंच बघतात. गावात केबलवाला मराठी चॅनेल नीट देत असेल तर मात्र पावसाळ्यापुरतं तरी त्याला सोडू नका.

फ्री डिशचा उपग्रह आपल्याकडून आग्नेयेला, बराच उंचावर असतो. भोकं पाडायच्या आधी त्या बाजूला फणस-आंबा आडवा येत नाही ना, बघून घ्या. शेजाऱ्यांनी शिशिरात बसवलेली छत्री चैत्रात पालवी फुटली तशी आंधळी झाली.