१०.०० आर २०, १६ पीआर: दहाचाकीच्या मागे चालेल, पुढे नको

एमआरएफ, अपोलो, जेके, सीएट, कुणाचाही घ्या, १०.०० आर २० हा आकार ट्रकच्या टायरमध्ये सगळ्यांकडे मिळतो. ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि डिस्क यांच्यामधली रबरी पट्टी) कोणत्याही गावात मिळतात आणि हायवेवरचा कुठलाही पंक्चरवाला डिस्कवरची लोखंडी रिंग काढून तो उघडू शकतो. या सोयीला आमचे पूर्ण गुण. पण १६ पीआरचा (पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, थरांवरून ठरलेलं ताकदीचं माप) माल डोळे झाकून सहाही किंवा दहाही चाकांना चढवला जातो, तो चुकीचा आहे.

१०.०० म्हणजे टायरची रुंदी इंचांत, आर म्हणजे रेडियल, २० म्हणजे डिस्कचा (टायर बसतो त्या लोखंडी चाकाचा) व्यास इंचांत. यातून टायर किती वजन झेलेल ते कळत नाही. १६ पीआरवरूनही थेट कळत नाही. रेडियलमध्ये सोळा थर नसतातच, ते फक्त ताकदीचं जुनं माप आहे. पाहायचा तो बाजूला छापलेला लोड इंडेक्स. बहुतेक १६ पीआर मालावर तो १४६/१४३ असतो आणि पुढे वेगाचं अक्षर. के असेल तर ताशी ११० किमी. पहिला आकडा एकेरी टायरचा: १४६ म्हणजे ३००० किलो. दुसरा जोडी टायरचा, म्हणजे मागे एकाच बाजूला शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोनांपैकी प्रत्येकाचा: १४३ म्हणजे २७२५ किलो. जोडीत क्षमता कमी धरतात, कारण रस्ता मधे उंच असतो, दोन्ही टायरांवर वजन सारखं पडत नाही आणि आतल्या टायरला वारा कमी लागल्यामुळे तो जास्त तापतो.

आता एक्सलचा हिशोब. जुलै २०१८ च्या अधिसूचनेने दोन टायरच्या एक्सलची मर्यादा ६ वरून ७ टन झाली, चार टायरच्या एक्सलची १०.२ वरून ११.५ टन आणि मागच्या जोडएक्सलची (दहाचाकीचे मागचे दोन एक्सल मिळून) १९ वरून २१ टन. १६ पीआरचे दोन टायर पुढे ६ टन झेलतात, म्हणजे जुन्या मर्यादेत बरोब्बर, नव्या मर्यादेत एक टन कमी. सहाचाकीच्या मागे चार टायर १०.९ टन झेलतात. १०.२ ला पुरत होते, ११.५ ला ६०० किलो कमी पडतात. दहाचाकीच्या मागे आठ टायर मिळून २१.८ टन, म्हणजे २१ टनाला पुरतात. शिल्लक मात्र टायरमागे शंभर किलोच. माल एका बाजूला कलला की तीही संपली.

त्यामुळे आरसीवर १६.२ किंवा २५ टनाचं पासिंग (मालासकट गाडीचं मंजूर एकूण वजन) असलेल्या जुन्या गाडीला हा टायर योग्य आहे. गाडीचं पासिंग १८.५ किंवा २८ टन असेल आणि पुढच्या एक्सलला ७ टन नोंदलेले असतील, तर पुढे हा बसवू नका. त्याच आकारात १८ पीआरचा १४९/१४६ मिळतो. तो सहाचाकीच्या मागे चांगला (चार टायर, १२ टन), पण पुढे दोन मिळून ६.५ टनच. ७ टनासाठी १५२ लोड इंडेक्स लागतो: ११.०० आर २०, १८ पीआर, नाहीतर ट्यूबलेस २९५/८० आर २२.५. दोन्हींत एकेरी टायर ३५५० किलो झेलतो.

आमची पसंती ट्यूबलेसला. डिस्क एकसंध असल्याने रिंग उडण्याचा धोका नाही, आणि पंक्चर झालं तर हवा बहुतेक वेळा हळूहळू जाते. उंचीही १०.०० आर २० च्या जवळपासच, एखादा सेंटीमीटर कमी. खर्च आहे तो डिस्कचा, जुन्या डिस्कवर हा टायर बसत नाही. बोल्टची भोकं आणि डिस्कचा ऑफसेट (डिस्क किती आत-बाहेर बसते ते) जुळवूनच घ्या. ११.०० आर २० मात्र सुमारे ३ सेंटीमीटर उंच आणि रुंदही असतो. जोडीत दोन टायर एकमेकांना घासत नाहीत ना, वर मालाच्या खोक्याला लागत नाही ना, हे आधी तपासावं. टायरचा आकार आरसीवर नोंदलेला असतो, तो बदलण्यापूर्वी आरटीओत विचारणं बरं.

लोड इंडेक्सचा आकडा पूर्ण हवेतच खरा असतो. या १६ पीआरला पूर्ण वजनावर १२० पीएसआयच्या आसपास हवा लागते. नेमका आकडा कंपनीच्या तक्त्यातून घ्या आणि टायर थंड असताना मोजा. क्लीनर दांडा मारून हवा पाहतो, त्यात ९० आणि १२० मधला फरक ऐकू येत नाही. तापलेल्या टायरमधून वाढलेली हवा कधीच सोडू नका. थंड झाल्यावर ती कमी पडते, बाजूची भिंत जास्त वाकते, टायर आणखी तापतो आणि भरल्या गाडीत फुटतो.

वजनकाट्यावर एकूण वजन पाहून थांबू नका. आधी फक्त पुढची चाकं चढवा, मग पूर्ण गाडी. फरक म्हणजे मागचं वजन. सहाचाकीत एकूण १८.२ टन आणि पुढे ६.४ आलं, तर मागे ११.८ आहे. एकूण बरोबर असूनही मागचा एक्सल मर्यादेबाहेर. माल केबिनकडे सरकवला की सुधारतं. जादा वजनाचा दंड वीस हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि माल उतरवायचा खर्चही तुमचाच.

टायर घेताना बनवल्याची तारीख बघा: बाजूला छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. जोडीत नवा आणि झिजलेला एकत्र बसवू नका. व्यासात ६ मिमीपेक्षा जास्त फरक असला तर मोठा टायर जास्त वजन घेतो आणि तोच आधी जातो.