“शेतात निघालेली” दगडी लज्जागौरी घेण्याआधी हे वाचा

तेर, भोकरदन, नेवासा अशा जुन्या गावांच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, पावसानंतर मणी, खापरं, एखादं नाणं उघडं पडतं. तळहातावर मावणाऱ्या लज्जागौरी, म्हणजे मांड्या फाकवून बसलेल्या मातृदेवतेच्या मूर्तीही या भागात खरोखर मिळाल्या आहेत. ठग याच खऱ्या गोष्टीचा आधार घेतात.

एका निवृत्त शिक्षकांना अशीच एक मूर्ती १,४०,००० रुपयांना विकली गेली. आधी दोन-चार मणी फुकट दिले, तेही खरे. “नांगरताना निघाली, घरात ठेवायची भीती वाटते,” म्हणून मग मूर्ती दाखवली. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या “व्यापाऱ्या”चा फोन आला: मूर्ती मिळवून द्या, चार लाख देतो. पैसे दिल्यावर दोन्ही फोन बंद. तो व्यापारी विकणाऱ्याचाच साथीदार होता.

मूर्तीसोबत “कार्बन चाचणी, १,९०० वर्षे” असा कागद होता. व्यवहार तिथेच थांबायला हवा होता. कार्बन-१४ चाचणी कोळसा, हाड, लाकूड अशा एकेकाळी सजीव असलेल्या पदार्थांची होते. थर्मोल्युमिनेसन्स ही वय काढायची दुसरी चाचणी भाजलेल्या मातीसाठी असते. दगड कधी कोरला, हे या दोन्हींतून कळत नाही.

मूर्ती शंखजिऱ्याची, म्हणजे सोपस्टोनची होती. दगड मऊ आहे एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. जुन्या काळीही मऊ दगड कोरत. पण तळाशी नखाने ओरखडा काढताच काळपट साल निघाली आणि खाली पांढरी भुकटी दिसली. दहापट भिंगाखाली मांड्यांमधली खाच पाहिली, तर ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच रुंदीची, गोल तळाची, आत बारीक समांतर रेघा. हे फिरत्या यंत्राचं काम. छिन्नीची खाच कुठे खोल, कुठे उथळ जाते. खाचांतली माती गरम पाण्यात मऊ पडून चिकट पापुद्र्यासारखी सुटली, कारण ती गोंदात कालवून भरलेली होती. या चाचण्या मात्र घरी करू नका. वस्तू खरी निघाली तर ओरखडा कायमचा राहतो आणि मातीतला पुरावा वाहून जातो. भिंगातून पाहणं तेवढं सुरक्षित.

मूर्ती खरी असती तरी हा व्यवहार बेकायदाच होता. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. शंभर वर्षांवरच्या दगडी शिल्पाची नोंदणी हवी आणि अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना हवा, हे १९७२ चा पुरावशेष कायदा सांगतो. “कालच शेतात निघाली” म्हणणारा माणूस ती विकायचा अधिकार आपल्याला नाही, हे स्वतःच कबूल करत असतो. नोंदणीचा दाखला फोटोसकट दाखवा म्हणा. बहुतेक वेळा बोलणं तिथेच संपतं.

“पोलिसांत गेलात तर तुम्हीच अडकाल,” ही धमकी हमखास येते. त्याला घाबरून गप्प बसू नका. वकिलाला विचारा आणि तक्रारीत काहीही लपवू नका. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. चॅट पुसू नका. मूर्ती, तो कागद आणि ज्यात गुंडाळून दिली ते फडकं, सगळं जसंच्या तसं पोलिसांच्या ताब्यात द्या आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या.