भाडं बंद शेडचं, गाडी उघड्यावर

मे महिना लागला की गोव्यात जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला एकच घोर लागतो, चार महिने पावसात गाडी ठेवायची कुठे. या घोरावर पोट भरणारी माणसं आहेत. त्यातल्या एकाने गेल्या पावसाळ्यात माझे ४२,५०० रुपये खाल्ले आणि आमच्या ह्यांची फियाट कुजवली. प्रकरण तक्रारीत आहे, वकिलांनी बजावलंय, म्हणून नाव लिहीत नाही. पण त्याची पद्धत मात्र सगळी सांगणार आहे.

गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची फियाट, क्रीम रंगाची, गोव्याच्या जुन्या जीडीए नंबरची पाटी असलेली. नंबर लावून, वाट बघून घेतलेली. हे गेल्यावर लोकांनी मागितली. एकाने तर २,७५,००० रुपये रोख देऊ केले. मी दिली नाही. मेकॅनिककडून वेळेवर काम करून घ्यायचे, पासिंग चुकवलं नाही. घरच्या पडवीत ती कोरडी उभी असायची. गेल्या वर्षी पडवीची चिऱ्यांची भिंत कलली, छप्पर उतरवावं लागलं, आणि त्याच सुमारास लेकीच्या बाळंतपणासाठी मला बंगळूरला जायचं होतं. फोंड्यात ओळखीच्या दोन-तीन घरी विचारलं, कुणाकडे जागा नव्हती. हे आधीच सांगते, कारण 'बाहेर ठेवायचीच कशाला' असं विचारणारे पुष्कळ भेटले. माझ्या जागी असते तर त्यांनी काय केलं असतं ते एकानेही सांगितलं नाही.

बार्देशात, महामार्गापासून आत, चिरेबंदी कुंपणामागे याचं आवार. आत पत्र्याची मोठी शेड, खाली कोबा, कापडी कव्हरं घातलेल्या दोन परदेशी गाड्या आणि काही बुलेट. ओल नव्हती, वास नव्हता. मी कोपऱ्यापर्यंत जाऊन भिंतीला हात लावून बघितलं होतं. माणूस गोड बोलणारा. म्हणाला, "काकी, मी कॅनडात काढलीत वर्षं. तिथे गाड्या अख्खा हिवाळा बर्फात उभ्या असतात, झाकून ठेवल्या की झालं. इथला पाऊस म्हणजे काय त्याच्यापुढे!" मोबाइलवर बर्फाखाली गेलेल्या गाडीचा व्हिडिओही दाखवला.

माझा भाचा तिकडेच असतो. त्याने नंतर जे सांगितलं ते या माणसाने मुद्दाम गाळलं होतं. तिथे ज्याला गाडीची कदर आहे तो आधी गॅरेज शोधतो. नाहीच मिळालं तर बॅटरी काढून घरात नेतो, टाकी भरून ठेवतो म्हणजे रिकाम्या जागेत दमटपणा धरत नाही, हँडब्रेक न ओढता चाकांना ठोकळे लावतो, हवा खेळेल असं कव्हर घालतो आणि टपावर बर्फ साचला की उतरवतो. आणि तिथे गाड्या खाते ती रस्त्यावर टाकलेल्या मिठाची चिखलराड. कडाक्याच्या कोरड्या थंडीत उभ्या गाडीला गंज धीम्याने चढतो. आपल्याकडे वर्षाला शंभर इंचांच्या वर पाऊस, हवा उबदार आणि सदा ओली, किनाऱ्याकडून खारा वारा. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली आपली गाडी अक्षरशः उकडून निघते. बर्फाचा दाखला देऊन कुणी पावसाची हमी देत असेल तर तिथूनच मागे फिरा.

पैशांचा हिशेब असा. बंद शेडचे महिना ४,५०० प्रमाणे जून ते सप्टेंबर आगाऊ १८,००० रुपये. डिपॉझिट १०,०००. धुऊन, मेण लावून, खालून कोटिंग करायचे ३,५००. दर पंधरवड्याला इंजिन चालू करायचे महिना १,२०० प्रमाणे ४,८००. शेवटी गाडी सोडवताना आणखी ६,२०० उकळले. यातले भाड्याचे आणि कोटिंगचे मिळून २१,५०० मी यूपीआयने भरले, उरलेले २१,००० रोख. यूपीआयवर नाव त्याचं नव्हतं, बाईचं होतं. "बायकोच्या नावावर आहे खातं, काकी." आपल्याकडे निम्मे धंदे बायकोच्या नावावर चालतात, त्यात वावगं काय वाटणार? रोखीची पावती मागितली तर पुस्तक संपलंय म्हणाला, व्हॉट्सअॅपवर पाठवतो. पाठवली नाही. पावती हातात पडल्याशिवाय रोख रक्कम देऊ नका. त्या २१,००० रुपयांचा कागद माझ्याकडे नाही, आणि आज प्रत्येक कार्यालयात पहिला प्रश्न त्याचाच येतो.

आता त्या फोटोबद्दल. तो आठवला की अजून डोकं तापतं.

महिन्याला एक फोटो पाठवायचं त्याने कबूल केलं होतं आणि जूनपासून इमानेइतबारे पाठवत होता. जुलैच्या मध्याला जो आला तो माझ्या मोबाइलमध्ये आहे. फियाट शेडमध्ये उभी, डावीकडे लोखंडी शिडी, शिडीच्या दुसऱ्या पायरीवर निळं फडकं. आणि बोनेटवर, छताच्या फटीतून आलेला, उन्हाचा लख्ख पट्टा. त्या आठवड्यात गोव्यात सूर्य दिसला नव्हता. शेजारच्या वहिनी रोज फोनवर सांगत होत्या, कपडे वाळत नाहीत, दारातला माड पडला, लाइट नाही. एका कानाने मी ते ऐकत होते आणि त्याच फोनवर उन्हातली गाडी बघत होते. जूनचा फोटो काढून शेजारी ठेवला असता तर दिसलं असतं, तीच शिडी, तेच फडकं त्याच घडीत. मेमध्ये, गाडी आत घेतली त्याच दिवशी, त्याने वेगवेगळ्या बाजूंनी चार-पाच फोटो काढून ठेवले होते आणि महिन्याला एक सोडत होता.

मी तेव्हा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात होते. लेकीचं बीपी वाढलं होतं, डॉक्टर आत-बाहेर करत होते. त्या घटकेला कुठली आई बोनेटवरचं ऊन तपासत बसेल? मी "बरं वाटलं बघून" असं लिहून पाठवलं. उलट नमस्काराचे दोन हात आले. ते दोन हात मला आजही सहन होत नाहीत.

फोटोवर भरवसा ठेवू नका, व्हिडिओ कॉल करा. शेडच्या दारातून सुरुवात करून गाडीपर्यंत चालत जायला लावा, बाहेरचा पाऊस दिसला पाहिजे. फोटोच घ्यायचा तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, म्हणजे काढल्याची तारीख फाइलमध्ये राहते. साधा पाठवला तर व्हॉट्सअॅप ती पुसतं.

चवथीला घरी आले आणि न कळवता आवारात गेले. शेडमध्ये माझ्या जागेवर परराज्याची पाटी असलेली मोठी नवी गाडी होती. फियाट शेडच्या मागे, कुंपणाला लागून, आंब्याखाली. निळी ताडपत्री, नायलॉनच्या दोरीने आवळलेली. शेडच्या पन्हळीची धार नेमकी बोनेटच्या कडेवर पडत होती. दोरी आम्ही कापली. आतून जो वास आला तो बंद विहिरीसारखा होता. स्टिअरिंगवर पांढरी-हिरवी बुरशी, हाताला लागेल इतकी जाड. पायाखालचं मॅट पाण्यावर तरंगत होतं. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची भोकं असतात ना, ती पानांनी बुजलेली, दारं आतून भरलेली. मी ड्रायव्हरच्या बाजूने पाय आत ठेवला आणि टाच तळपत्र्यातून खाली गेली. तळाला आधीचा थोडा गंज असेल, एवढ्या वयाच्या गाडीला असतोच, पण मेमध्ये त्याच तळावर मी रोज पाय ठेवत होते. या गाडीला वेगळी चासी नसते, तळ आणि कडा हाच तिचा कणा. तो गेला म्हणजे काय गेलं ते गाडीवाल्यांना सांगायला नको.

चाकांच्या चकचकीत टोप्या चारही गायब. स्टेपनी गायब.

तो धावत आला. "काकी, शेड गळत होती म्हणून परवाच बाहेर काढली." मागच्या चाकाच्या भोकांतून आत जाऊन वेल दुसऱ्या बाजूने बाहेर आला होता. मेकॅनिकने एअर फिल्टरचं झाकण उघडलं तर आत उंदराचं घरटं, आमच्याच सीटमधला काथ्या ओढून नेऊन केलेलं. त्या वाटेने इंजिनात हवा गेलीच नव्हती, म्हणजे ४,८०० रुपये घेऊन इंजिन एकदाही सुरू केलं नव्हतं. मेकॅनिक तर म्हणाला, गाडी जागेवर उभी ठेवून दहा मिनिटं इंजिन चालवणं हे काम पैसे देऊन करून घ्यायचंच नसतं. सायलेन्सर पुरता तापत नाही, आत पाणी साचतं आणि तो सडतो. चालवायची तर रस्त्यावर फिरवून आणायची, नाहीतर बॅटरी काढून गप्प ठेवायची. हे मला मेमध्ये कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

गाडी न्यायची म्हटल्यावर त्याने गेटला कुलूप लावलं. म्हणे बॅटरी चार्जिंग, ताडपत्री, मजुरी, मिळून ६,२००. पाऊस चालू होता, गाडी तिथे आणखी एक रात्रही ठेवायची नव्हती. दिले. टोइंगचे वेगळे ३,८००. पत्र्याचं काम, वायरिंग, ब्रेक, सीट असा दुरुस्तीचा अंदाज आला १,४६,००० रुपये.

आणि मग सुरू झाल्या सरकारी पायऱ्या. आउटपोस्टवर म्हणाले, पोलीस स्टेशनला जा. स्टेशनवर अंमलदार म्हणाला, "मॅडम, हे सिव्हिल मॅटर. गाडी तुम्हीच नेऊन ठेवली ना?" दुसरा म्हणाला, "चाळीस वर्षांची गाडी, भंगारात किती येतील?" शाळेत मुक्तिदिनाची भाषणं मुलांकडून पाठ करून घेण्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि उतारवयात बाकड्यावर बसून ऐकायचं काय, तर आमच्या ह्यांनी जिवापाड जपलेल्या वस्तूचा भंगारातला भाव! विश्वासाने सोपवलेली वस्तू, तिच्यातले भाग काढून घेतले, खोटे फोटो पाठवून पैसे घेतले. भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ विश्वासघाताचं आहे, ३१८ फसवणुकीचं. ही कलमं मी कागदावर लिहून नेली होती. अंमलदाराने कागद न वाचता उलटा ठेवला आणि त्यावर चहाचा ग्लास ठेवला. पोचीचा शिक्का मागितला तर "साहेब आल्यावर". साहेब आलेच नाहीत.

पुढे एकदा पोलिसांनी त्याला ठाण्यात बोलावलं. तो आला, आतल्या खोलीत बसला, मी बाहेर. निरोप आला, पाच हजार घ्या आणि मिटवा. पाच हजार! माझं डिपॉझिटच दहा हजारांचं होतं. मी नाही म्हटल्यावर मलाच ऐकवलं की मी अडून बसलेय.

पंचायतीत विचारलं, या आवाराला धंद्याचा परवाना आहे का. माहिती अधिकारात अर्ज करा म्हणाले. केला. महिना पुरता उलटू दिला आणि एका ओळीचं उत्तर आलं, माहिती उपलब्ध नाही. परवाने द्यायचं काम त्यांचंच, आणि दिलाय की नाही तेच त्यांना ठाऊक नाही. आरटीओत सांगितलं, आमचा संबंध नोंदणीशी. विमा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, तिथे बोलायलाच नको. जो तो दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतो आणि तो माणूस त्याच रस्त्याने गाड्या आत घेत राहतो.

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर तिथे हेलपाटे घालू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम १७३(४) प्रमाणे तक्रारीचा मजकूर लेखी, पोस्टाने थेट पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो, आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. हे मला ठाण्यात कुणी सांगितलं नाही, वकिलांनी सांगितलं. १८७२ च्या करार कायद्यातही आहे, सांभाळायला घेतलेल्या वस्तूची काळजी शहाणा माणूस आपल्या वस्तूची घेईल तशी घेतली पाहिजे. आणि ग्राहक आयोग आहे, उत्तर गोव्याला एक, दक्षिणेला एक. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षं. मी तिथे तक्रार दाखल केली आहे, दुरुस्तीचा अंदाज, घरट्याचे आणि तळाचे फोटो, यूपीआयचे उतारे जोडून. रोख रकमेसाठी त्याचे व्हॉइस मेसेज जोडलेत, त्यात एका ठिकाणी तो स्वतः 'डिपॉझिट मिळालं' म्हणतो. असले मेसेज पुसू नका. फोन बदलताना तर अजिबात नाही.

गाडी ठेवताना स्टेपनी, टोप्या, रेडिओ, टूलकिट सगळं कागदावर लिहून त्याची सही घ्या. आत कुठल्या जागेवर उभी राहील ते त्याच कागदावर. आवार बघायला उन्हाळ्यात जाऊ नका, पावसात जा, आणि शेडच्या मागे काय उभं आहे ते आधी बघा. मागे ताडपत्र्या दिसल्या की निघा.

त्याची जाहिरात यंदा पुन्हा फिरते आहे. वर आमच्याच गाडीचा फोटो आहे, नंबरची पाटी पुसलेली, पण शिडी आणि निळं फडकं तसंच. या फोटोवरून कुणी तिथे गाडी ठेवली असेल, आधी किंवा आता, तर पावत्या आणि फोटो जपून ठेवा आणि मला कळवा. सारखीच तक्रार असलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र दाद मागता येते. वकील म्हणतात, दोघं-तिघं असले तरी पुरेत.