ओले हात पुसून टॉवेल निवडायला देणारं दुकान

मागच्या रविवारी आईला घेऊन चादरी-टॉवेल-पडद्यांच्या एका नवीन दुकानात गेले होते, जवळजवळ दोन तास आत होतो, आणि दुकान बांधताना गिऱ्हाईकाच्या हाताचा डोळ्यांचा कानाचा कुणीतरी खरंच विचार केलाय असं खूप दिवसांनी वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. एका गोष्टीवर मात्र जाम चिडलेय, ती पुढे येईलच. दुकानाचं नाव लिहीत नाहीये, तक्रार त्यांना तिथेच सांगून झालीये.

आधी टॉवेल, कारण सगळ्यात भारी काम तिथेच झालंय. एरवी टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद असतात आणि कोपऱ्यातून एक बोट घालून बघायचं, बस. इथे प्रत्येक प्रकारचे दोन टॉवेल दांडीवर शेजारी शेजारी टांगलेत, एक कोरा आणि एक धुतलेला, धुतलेल्याला छोटी कापडी चिठ्ठी शिवलीये '३० वेळा धुतलेला' अशी. बाजूला बेसिन आहे, हात ओले करायचे आणि दोन्हीला पुसून बघायचं. आईने पुसले. कोरा टॉवेल एकदम मखमली, पण पाणी हातावर नुसतं पसरत होतं, आणि धुतलेला किंचित खरखरीत लागला तरी एका फटक्यात हात कोरडा. मिलमधून निघताना टॉवेलला सॉफ्टनरचं, बऱ्याचदा सिलिकॉनचं फिनिशिंग देतात ना, हाताला मऊ लागावं म्हणून, त्याच थरामुळे पाणी नीट शोषलं जात नाही आणि काही धुण्यांनंतर तो निघून जातो. म्हणजे दुकानात ज्या मऊपणावर आपण भाळतो तो घरी आल्यावर टिकतच नाही! हे मला वाचून माहीत होतं, पण ओल्या हाताला कळलं ते वेगळंच.

चिठ्ठीवर जीएसएम पण लिहिलाय, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. आईला त्या आकड्यात काही रस नव्हता, पण ६०० वाला ओला टॉवेल तिने उचलला आणि म्हणाली "अगं हा माझ्याने पिळवणार नाही", झालं, ४०० वाले घेतले. जोआन पेक आणि सुझॅन शू यांचा २००९ सालचा अभ्यास आहे की वस्तूला नुसता हात लावला तरी ती आपलीच असल्यासारखी वाटायला लागते. बरीच दुकानं याच्यावरच चालतात, माल हाताशी ठेवतात. पण हात लावू देणं वेगळं आणि घरी वापरताना जे हाताला लागणार आहे तेच दुकानात लागू देणं वेगळं, मला दुसरं हवं असतं.

आता लाइट. मागे एका दुसऱ्या दुकानातून मी राखाडी बेडशीट आणलं होतं, घरी ट्यूबलाइटखाली अंथरलं तर चक्क जांभळट, आणि बदलून पण दिलं नाही. हे होतं कारण रंग कापडात एकटा नसतो, वर पडणारा उजेड कसला आहे त्यावर तो कसा दिसणार ते ठरतं, दोन कापडं एका दिव्याखाली अगदी मॅच होतात आणि दुसऱ्याखाली होत नाहीत. या दुकानात पडद्यांच्या कोपऱ्यात एक छोटी खोली केलीये, भिंतीवर तीन बटणं, २७०० केल्विन म्हणजे घरातल्या पिवळ्या बल्बसारखा, ४००० म्हणजे मधला पांढरा आणि ६५०० म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा थंड. आपला कपडा न्यायचा आणि बटणं दाबत बसायचं. दिवे पण चांगले, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या वर, म्हणजे रंग जवळजवळ आहेत तसे दिसतात. मी जो मोरपंखी पडदा घ्यायचाच म्हणून आत नेला होता तो पिवळ्या उजेडात मळकट हिरवा दिसला, परत ठेवून दिला. विक्री हुकली म्हणून तिथल्या मुलीने तोंड वाकडं केलं नाही, उलट दुसरा काढून दिला.

दारातून शिरल्यावर पहिली पाच-सहा पावलं मोकळी सोडलीत, तेही बरं वाटलं. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे जुळवून घ्यायला वेळ लागतो, तेवढ्यात समोर ऑफरचे बोर्ड ठेवले तरी कुणी वाचत नाही. पॅको अंडरहिल हा माणूस वर्षानुवर्षं दुकानातल्या गिऱ्हाइकांचं निरीक्षण करत आलाय, तोही हेच सांगतो.

गाणी हळू, नुसती वाद्यं, बोलताना आवाज चढवावा लागत नाही. रोनाल्ड मिलिमनने १९८२ मध्ये सुपरमार्केटवरचा अभ्यास छापला होता, फास्ट म्युझिकपेक्षा स्लो म्युझिक असताना लोक सावकाश फिरले आणि विक्री ३८ टक्क्यांनी जास्त झाली. इथे कापडच इतकं आहे की आवाज आपोआप दबतो. फक्त बिलिंग काउंटरला गुळगुळीत फरशी आणि काचेची भिंत, तिथे स्कॅनरची बीप डोक्यात जाते, एखादा गालिचा टाकला तरी फरक पडेल.

आणि वास. दाराशी आणि टॉवेलच्या दांडीजवळ, दोन्हीकडे डिफ्यूझर, लिंबासारखा इतका उग्र वास की दहा मिनिटांत आईचं डोकं चढलं. तिथल्या मुलीला म्हटलं, "ताई, हा वास जरा कमी कराल का?" तर ती अगदी मनापासून म्हणाली, "कसला वास? मला तर येतच नाहीये." ती खोटं बोलत नव्हती. एकच वास सतत येत राहिला की थोड्या वेळात नाक त्याची दखल घेणंच सोडतं, म्हणून जो दिवसभर आत असतो त्याने वास कमी आहे की जास्त हे ठरवायचंच नाही, त्याला कमीच वाटणार आणि तो अजून ओतणार. बरं, वास आणि गाणी एका चालीची तरी हवीत. अ‍ॅना मट्टिला आणि योखेन विर्ट्झ यांनी २००१ मध्ये हे तपासलं होतं, लॅव्हेंडरसारख्या शांत वासाबरोबर संथ संगीत असलं की लोकांना दुकान जास्त आवडलं. इथे कानाला 'निवांत बसा' आणि नाकाला 'उठा पळा'. आणि माझा खरा राग हा आहे की कोऱ्या सुती कापडाला स्वतःचा वास असतो, चादरीची घडी उघडली की येतो तो, तो मला आलाच नाही, दुकानाने स्वतःच्याच मालाचा वास झाकून टाकला. घरी आणलेले टॉवेल दोन दिवस लिंबाचे होते.

मॅनेजर साहेबांना सांगितलं की सकाळी बाहेरून आलेल्या माणसाला विचारून डिफ्यूझर लावा आणि टॉवेलजवळचा तर बंदच करा, त्यांनी वहीत लिहून घेतलं. उशा झोपून बघायचा पलंग पण आहे, आई दहा मिनिटं आडवी झाली होती, पण छतावरचा दिवा थेट डोळ्यात येतो, तेही सांगितलंय.

जाणार असाल तर आधी वापरात असलेली चादर किंवा उशीचा अभ्रा सोबत न्या, त्या बटणांच्या खोलीचा खरा उपयोग तेव्हाच होतो, आणि वासाचा त्रास असणारं कुणी बरोबर असेल तर जायच्या आधी फोन करून डिफ्यूझर बंद ठेवायला सांगा.