गुडघ्याच्या झिजेवर औषध निवडताना: जेल, गोळी की इंजेक्शन?

झिजलेली कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरची गादी) परत आणणारं औषध आजमितीला नाही. जे मिळतं ते दुखणं कमी करतं. त्यामुळे ‘जास्त पॉवरची’ गोळी शोधण्याआधी आपल्या गोळ्यांच्या डब्यात बीपी, साखर, रक्त पातळ करणं यांपैकी कशाकशाच्या गोळ्या आहेत ते पाहावं. निम्मी निवड तिथेच होते.

जेल की गोळी?

दुखणं गुडघ्यांपुरतं किंवा हाताच्या बोटांपुरतं असेल तर पहिला मान डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाच्या जेलचा. गोळीच्या तुलनेत रक्तात उतरणारं औषध सुमारे 6 टक्के, म्हणून पोट आणि किडनीवरचा भारही तेवढाच हलका. खुब्याचा सांधा मात्र खोलात असतो, तिथे जेलवर भिस्त ठेवू नये.

‘जेल लावून काही फरक नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा माप चुकलेलं असतं. एका गुडघ्याला एका वेळी 2 ते 4 ग्रॅम, दिवसातून 3-4 वेळा लागतं. म्हणजे 30 ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्यालाच दोन ते पाच दिवसांत संपायला हवी. ती महिनाभर पुरत असेल तर डोस पोचलेलाच नाही. वाटीच्या पुढे-मागे, दोन्ही बाजूंना लावा, वर लगेच शेक किंवा घट्ट पट्टा नको, आणि दोन आठवडे नेमाने लावल्याशिवाय निकाल देऊ नका. मेंथॉलचा गारवा किंवा मिथाइल सॅलिसिलेटचा वास म्हणजे डायक्लोफिनॅक नव्हे, लेबल वाचून घ्या. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर सॅलिसिलेटवाली मलमं भरपूर चोळणं टाळाच.

गोळी घ्यायचीच तर कोणती?

पॅरासिटामॉल सुरक्षित वाटतं, पण झिजेच्या दुखण्यावर त्याचा परिणाम तोकडा आहे. उपचारांबाबत सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2022 पासून ते सरसकट देऊ नये असंच सांगितलंय. आपल्याकडे अॅसिक्लोफिनॅक (हेही वेदनाशामकच) 100 आणि पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम अशी जोडगोळी सर्रास मिळते. तिच्यावर तापाची गोळी घेतली की पॅरासिटामॉल नकळत दुप्पट होतं.

सूज-वेदनाशामकांत खरी तुलना पोट आणि हृदय यांच्यात आहे. नॅप्रोक्सेन (250 ते 500 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा) हृदयाच्या बाबतीत त्यातल्या त्यात बरं, पण पोटाला जड. मेडिकलमध्ये नॅप्रोक्सेनसोबत डोमपेरिडोन असलेली गोळी हाती पडते, ती मायग्रेनची. गुडघ्याला साधी हवी. इटोरिकॉक्सिब पोटाला सौम्य, पण बीपी चढवतं. 140/90 च्या वरच राहणाऱ्या बीपीत ते घेऊ नये. झिजेसाठी त्याचा डोस दिवसाला 30, फार तर 60 मिलिग्रॅम. 120 ची गोळी तीव्र गाऊटसाठी (युरिक अॅसिडचा संधिवात), तीही जास्तीत जास्त आठ दिवस. शेजाऱ्यांना लागू पडली म्हणून गुडघ्याला नाही. हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर इटोरिकॉक्सिब, डायक्लोफिनॅक आणि अॅसिक्लोफिनॅक या तिन्ही गोळ्या टाळायच्या.

किडनीचा धोका सगळ्यांतच आहे. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, त्यात लघवी वाढवणारं औषध (बीपीच्या गोळीच्या नावापुढचा ‘एच’ बहुधा तेच) आणि वर वेदनाशामक, या तिघांच्या कात्रीत किडनीचा रक्तपुरवठा घटतो. त्यात जुलाब किंवा उपास झाला की क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावल्याची रक्तातली खूण) झपाट्याने चढतं. अशांनी गोळीऐवजी जेलच बरं.

बाकीच्यांनी कमीत कमी डोस, दुखणं वाढेल तेवढेच दिवस, जेवणानंतर. वय 65 च्या पुढे असेल तर सोबत पित्ताची गोळी, ती मात्र जेवणाआधी अर्धा तास.

वेदनाशामक चालत नसेल आणि दुखणं अनेक सांध्यांत असेल, तर ड्युलोक्सेटिनचा (मुळात नैराश्यावरचं औषध) विचार होतो: आठवडाभर 30, मग 60 मिलिग्रॅम. सुरुवातीला मळमळतं, गुण यायला काही आठवडे लागतात, आणि ते एकदम बंद करायचं नसतं. ट्रामाडॉल या अफूवर्गातल्या वेदनाशामकासोबत ते नको. एरवीही ट्रामाडॉलने बद्धकोष्ठ होतो, तोल जातो. म्हाताऱ्या माणसाला पडण्याचा धोका गुडघ्यापेक्षा महाग पडतो.

कूर्चेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनवर पैसे घालवू नयेत, हे आमचं स्पष्ट मत. झिजेवरच्याच डायसेरिन या औषधाने जुलाब होतात आणि युरोपात 65 च्या पुढे ते सुचवत नाहीत. वजन बरंच जास्त असणाऱ्यांसाठी सेमाग्लुटाइड हे वजन घटवणारं औषध हा नवा पर्याय: 2024 च्या चाचणीत 68 आठवड्यांत वजनासोबत गुडघेदुखीही लक्षणीय घटली. पण ते महागडं, आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

इंजेक्शन

सुजलेल्या, पाणी झालेल्या गुडघ्यात स्टेरॉइड (ट्रायअॅमसिनोलोन 40 मिलिग्रॅम) काही दिवसांत आराम देतं, पण तो काही आठवड्यांचाच. दर 12 आठवड्यांनी दोन वर्षं दिल्यावर कूर्चा जास्त झिजली आणि दुखण्यात नुसत्या सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा फायदा नाही, असं 2017 च्या चाचणीत दिसलं. म्हणून लग्नकार्य, प्रवास अशा नडीला ठीक, नेमाने नको. मधुमेहात पुढचे काही दिवस साखर चढते, घरी तपासत राहा. गुडघा लाल, गरम आणि ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

वंगणाचं, म्हणजे हायलुरॉनिक अॅसिडचं इंजेक्शन कितीतरी महाग, आणि नाइसचा सल्ला ते देऊ नये असाच आहे. सांधेबदलाची तारीख ठरत असेल तर गुडघ्यात स्टेरॉइड कधी घेतलं ते सर्जनला सांगा: आधीच्या तीन महिन्यांत घेतलं असेल तर जंतुसंसर्गाच्या भीतीने शस्त्रक्रिया पुढे ढकलतात.